नवा पोल उभा राहिला, मग जुना कोणाचा?

जळगाव जिल्ह्यात चोपड्याच्या बाजूला माझं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या पंपाच्या मोटारींचं वायंडिंग करायचं दुकान आहे. जळालेली मोटार बाहेर काढायला, स्टार्टर बघायला शेतोशेत जावं लागतं. त्यामुळे आमच्या भागातले पोल, डीप्या (ट्रान्सफॉर्मर) आणि मीटरच्या फळ्या रोज नजरेखालून जातात. गेल्या काही वर्षांत एक चित्र फार दिसतंय. नवीन वस्तू बसते, तिच्यावर पुरवठा सुरू होतो, आणि जुनी तिथेच राहते.

मागच्या महिन्यात एका घरी गेलो होतो. ओट्यावरच्या भिंतीला नवा स्मार्ट मीटर लागलेला. त्याच्या वीतभर खाली जुना मीटर तसाच फळीवर, सीलसकट, दोन काळ्या वायरी अर्ध्यातून कापून वर वाकवलेल्या. एका वायरीच्या तोंडावर चिकटपट्टीही नव्हती. घरातल्या माउलीने विचारलं, "भाऊ, हाऊ मीटर आते कोना शे?" तिला दोन काळज्या होत्या. दोन मीटरची दोन बिलं येतील का, ही एक. आणि भंगारवाला रोज मागतोय, त्याला दिला तर कोणी धरेल का, ही दुसरी.

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर भल्याभल्यांना देता येत नाही. देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याची योजना केंद्राने २०२१ मध्ये आणली. गावठाणातल्या तारा, शेतातल्या लाइनी, डीप्या बदलण्याचीही कामं चालू आहेत. म्हणजे हा प्रश्न आज ना उद्या बहुतेक घरांपर्यंत येणार आहे, म्हणून तो नीट समजून घेऊ.

जागा तुमची, वस्तू त्यांची

तुमच्या स्वयंपाकघरात गॅसची टाकी आहे. तुम्ही अनामत भरली, टाकी तुमच्या घरात राहते, तुम्हीच ती पुसता. तरी ती तुमची नाही, गॅस कंपनीची आहे. रिकामी झाली म्हणून ती विकता येत नाही.

मीटरचंही तसंच आहे. ग्राहकाने स्वतः विकत घेऊन दिला असेल तर वेगळं, नाहीतर मीटर वीज कंपनीच्या मालकीचा असतो. कायद्याच्या भाषेत एक शब्द आहे, 'पुरवठा बिंदू'. कंपनीची वीज जिथे संपते आणि तुमची वायरिंग जिथे सुरू होते, ती जागा. साध्या घरगुती जोडणीत मीटरजवळच्या कटआउटच्या (कंपनीच्या फ्यूजच्या) पुढची तोंडं म्हणजे हा बिंदू. त्याच्या अलीकडे, पोलाच्या बाजूला जे आहे ते कंपनीचं. पलीकडे घरात जे आहे ते तुमचं.

आता दुसरं उदाहरण घ्या. लग्न झालं, मांडववाला कापड आणि खुर्च्या घेऊन गेला आणि वीस बांबू तुमच्या अंगणात सोडून गेला. बांबू कोणाचे? मांडववाल्याचेच. पोरांनी होळीत घातले तर तो भरपाई मागेल. पण त्यातला एक बांबू कोणाच्या डोक्यात पडला तर "मी नेले नाहीत, म्हणून ते आता यांचे" असं त्याला म्हणता येणार नाही. न नेल्याने मालकी बदलत नाही. पोल, तार, मीटर, डीपी, सगळ्यांना हे लागू आहे.

मग ते नेत का नाहीत?

मला वाटतं, निम्मा घोळ इथे आहे. नवीन लाइन उभी करायचं काम ठेकेदाराला मिळतं. पोल उभा राहिला, तार ओढली, पुरवठा चालू झाला की ते काम सगळ्यांना दिसतं आणि त्याचं बिल निघतं. जुना पोल खणून काढायचा, तार गुंडाळायची, गाडीत भरून स्टोअरला जमा करायची, ह्यात मेहनत तेवढीच आणि घाई कोणालाच नाही. अंदाजपत्रकात काढणीची बाब असली तरी ती शेवटी येते, आणि शेवटचं काम बऱ्याचदा राहून जातं.

काही कारणं खरी अडचणीची असतात, तीही सांगतो. जुन्या पोलावर एखाद्या घराची सर्व्हिस वायर, म्हणजे पोलापासून घरापर्यंतची वायर, अजून चालू असते. केबलवाल्याने, इंटरनेटवाल्याने आपापल्या वायरी त्याच पोलाला बांधलेल्या असतात. आणि आपल्याकडे तर केळी. ठेकेदार म्हणतो, पीक निघालं की येतो. पण केळी वर्षभर उभी राहते, आणि नवतीचे, म्हणजे पहिल्या लागवडीचे, घड उतरेपर्यंत खाली पिलांपासूनचा पुढचा बाग, पिलबाग, तयार होतो. शेत मोकळं व्हायची वाट बघत ठेकेदाराची मुदत संपते, बिल निघून जातं, आणि पोल मात्र केळीत उभाच.

"बंद आहे" म्हणजे नक्की काय?

इथे मी जरा थांबणार आहे, कारण इथे माणसं मरतात.

घरातल्या नळाला पाणी येत नाही. म्हणून पाईप टाकीपासून तुटलाय असं होतं का? पाणी सुटलेलं नसेल, मधला व्हॉल्व्ह बंद असेल, किंवा पाईप खरोखर कापून त्याला टोपी बसवलेली असेल. नळाजवळ उभं राहून यातलं काय खरं, ते कळत नाही. तारेचंही असंच. 'बंद' हा शब्द वायरमनच्या तोंडून आला, ठेकेदाराच्या तोंडून आला की शेजाऱ्याच्या, यावर त्याचा अर्थ बदलतो.

जुनी तार खऱ्या अर्थाने बंद केव्हा? ती दोन्ही टोकांना चालू लाइनपासून सोडवलेली असेल आणि मधे कुठेही दुसऱ्या तारेला टेकत नसेल तेव्हा. एका टोकाला जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) राहून गेला असेल, कोणी रात्री आकडा टाकला असेल, कोणाचं जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीच्या जोडणीमुळे उलटी वीज सोडत असेल, तर त्याच तारेत जीव येतो. वरून ११ हजार व्होल्टची लाइन जात असेल आणि खाली मोकळी तार तिला समांतर लोंबत असेल, तर वादळात दोन्ही एकमेकींना लागू शकतात. मे-जूनमधले आपल्याकडचे वारे केळीचे बाग झोपवतात. लोंबत्या तारेचं काय होत असेल ते सांगायला नको.

मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. एका वस्तीत जुनी सर्व्हिस वायर दोन घरांमध्ये तशीच राहिली होती. तिला आधार द्यायला जी लोखंडी तार असते, तिच्यावर रोज कपडे वाळत घातले जायचे. वरची केबल उन्हाने तडकून आतली ॲल्युमिनियमची तार नखाएवढी उघडी पडली होती, आणि तिच्यापासून चार बोटांवर लहान पोराचं झबलं. पोलाकडून बघितलं तर तिचं एक टोक चालू लाइनला जोडलेलंच होतं. मी हात न लावता वायरमनला बोलावलं, त्याने शिडी लावून ते टोक सोडवलं. त्या बाईंना दोन वर्षं सगळे सांगत होते, ती बंद आहे.

म्हणून लोंबती जुनी तार आपण कापायची नाही, तिच्यावर कपडे घालायचे नाहीत. जुन्या पोलाला किंवा त्याच्या ताणाच्या तारेला म्हैस-बकरी बांधायची नाही, वालाचा वेल चढवायचा नाही. टेस्टर लावून खात्री करू नका. आत्ता वीज नसेल, संध्याकाळी असेल.

नियम काय सांगतो?

भारतीय वीज नियम, १९५६ मध्ये ९३ क्रमांकाचा नियम होता, तो नेमका ह्याच गोष्टीवर. एखादी ओव्हरहेड लाइन पुरवठ्यासाठी वापरणं बंद झालं, तर मालकाने ती मजबूत, सुरक्षित अवस्थेत राखावी, नाहीतर काढून न्यावी. तिसरा रस्ता दिलेला नाही. शिवाय विद्युत निरीक्षकाने मालकाला लेखी नोटीस देऊन ठरावीक मुदतीत यातलं एक करायला लावावं, असंही त्यात होतं. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि तिच्या जागी आलेल्या २०२३ च्या सुरक्षा नियमावलीत हीच तरतूद आली.

विद्युत निरीक्षक म्हणजे वीज कंपनीचा माणूस नव्हे. तो सरकारचा अधिकारी असतो, सुरक्षितता बघणं हे त्याचं काम. बऱ्याच जणांना हा दरवाजा माहीतच नसतो.

त्याच नियमांत अजून एक वाटणी आहे. ग्राहकाच्या जागेत कंपनीची जी उपकरणं, तारा आहेत त्या सुरक्षित ठेवणं कंपनीचं काम. आणि कंपनीचं सामान आपल्या जागेत असेल तर शक्य तेवढी त्याची राखण करणं ग्राहकाचं काम. म्हणजे आपल्यावरही थोडी जबाबदारी येते. मुद्दाम नुकसान करू नका, कोणी चोरून नेत असेल तर कळवा, धोका दिसला तर सांगा. दुरुस्ती किंवा काढणी ह्यात येत नाही.

"पैसे मी भरले होते, मग पोल माझाच ना?"

हा प्रश्न शेतकरी हमखास विचारतात, आणि त्यांचं चुकत नाही. जोडणी घेताना पोल-तारेचा खर्च त्यांनी भरलेला असतो. पण तो खर्च बहुतेक वेळा जोडणीचा आकार असतो, वस्तूची किंमत नव्हे. गॅसच्या अनामतीसारखंच. लाइन कंपनीची राहते, त्याच लाइनवरून ती पुढच्या माणसालाही वीज देऊ शकते, आणि म्हणूनच देखभालही तिचीच.

अपवाद आहे. एखाद्या कारखान्याने, जिनिंगने, शीतगृहाने पूर्ण खर्च स्वतः करून फक्त स्वतःपुरती लाइन आणि डीपी उभी केली असेल, तर त्या सामानावर ग्राहकाचा हक्क येऊ शकतो. तिथे तोंडी काही बोलू नये. मंजुरीचं पत्र आणि करार काढून वाचावा.

"पडूनच आहे, भंगारात दिला तर काय बिघडलं?"

पुष्कळ बिघडतं. विद्युत कायदा, २००३ चं कलम १३६ वीज कंपनीच्या तारा, सामान आणि मीटर यांबद्दल आहे. अप्रामाणिकपणे ते कापणं, काढणं, नेणं हा गुन्हा आहेच. मालकाच्या संमतीशिवाय ते बाळगणंही ह्याच कलमात येतं. पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

हे वाचून घाबरू नका. कलमात 'अप्रामाणिकपणे' हा शब्द आहे. त्यांनीच सोडून दिलेला मीटर तुमच्या भिंतीवर असणं म्हणजे चोरी नव्हे. पण उद्या वाद झाला तर तुमचा हेतू स्वच्छ होता हे दाखवणारा कागद हवा. "जुना मीटर आमच्याकडे पडून आहे, घेऊन जावा" असा दोन ओळींचा अर्ज आणि त्यावरचा आवक शिक्का, एवढ्यानं तुमची बाजू उभी राहते. त्या माउलीला मी हाच अर्ज लिहून दिला.

आणि तिचं पहिलं भय, दोन बिलांचं? बिल चालू मीटरचं येतं, त्यामुळे कापलेल्या मीटरचं वेगळं बिल येत नाही. खरा प्रश्न शेवटच्या रीडिंगचा आहे. जुन्या मीटरवरचा शेवटचा आकडा नोंदवला गेला नाही किंवा चुकीचा नोंदवला, तर बदलाच्या महिन्याचं बिल अंदाजाने निघतं आणि भांडण सुरू होतं. म्हणून मीटर बदलताना घरातल्या कोणीतरी मोबाइलवर फोटो काढावा. मीटर क्रमांक, आकडा आणि सील तिन्ही दिसली पाहिजेत. मीटर बदलीच्या अहवालाची प्रत मागून घ्या. बसवणारी माणसं ठेकेदाराची असतील, ती म्हणतील ऑफिसला विचारा. विचारा. तुमचं नातं वीज देणाऱ्या कंपनीशी आहे, ठेकेदाराशी नाही.

"पोल हलवायचा खर्च तुम्हालाच भरावा लागेल"

हे वाक्य टेबलापलीकडून ऐकू आलं की माणूस परत फिरतो. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. घर बांधताना चालू पोल आड येतो, तो बाजूला सरकवायचा आहे, तर त्याचा खर्च सहसा मागणाऱ्याला भरावा लागतो. कारण गरज तुमची आहे. पण जो पोल कंपनीने स्वतःच बदलला, ज्याच्यावर आता काही नाही, तो काढून नेणं हे 'हलवणं' नव्हे. ते त्यांच्याच बदलीच्या कामाचा राहिलेला भाग आहे. अर्जात 'पोल शिफ्ट करावा' असं चुकूनही लिहू नका. 'वापरात नसलेला पोल काढून न्यावा' असं लिहा. एका शब्दाने फाइल दुसऱ्या टेबलावर जाते.

रस्त्यात, गल्लीत खणून पोल काढल्यावर खड्डा उघडा टाकणंही चालत नाही. २००३ च्या विद्युत कायद्याचं कलम ६७ सांगतं की अशा कामात कमीत कमी नुकसान व्हावं आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी.

व्हॉट्सॲपवरच्या भाड्याबद्दल

"शेतात पोल किंवा डीपी असेल तर कलम ५७ प्रमाणे दरमहा २ ते ५ हजार रुपये मिळतात" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. माझ्या दुकानात तो दाखवायला आलेली माणसं मला मोजता येणार नाहीत. कलम ५७ त्या विषयाचं नाहीच. पुरवठ्याचा दर्जा, म्हणजे तक्रार किती वेळात सोडवायची, जोडणी किती दिवसांत द्यायची, याचे मानदंड ठरवणं आणि ते मोडले तर ग्राहकाला भरपाई, हा त्याचा विषय. जमिनीच्या मासिक भाड्याचा त्यात उल्लेख नाही. ह्या मेसेजच्या भरवशावर अर्ज केला की खऱ्या मागणीलाही कोणी गंभीरपणे घेत नाही, म्हणून सांगतो.

अपघात झालाच तर?

तुटलेल्या चालू तारेने माणूस दगावला, तर सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा एक निकाल फार महत्त्वाचा आहे. मध्य प्रदेशात पावसात सायकलवरून घरी जाणारा माणूस रस्त्यावर पडलेल्या तारेला लागून दगावला. वीज मंडळाचं म्हणणं होतं की तार कोणा तिसऱ्यानेच वीज चोरायला ओढली होती. न्यायालयाने ते ऐकलं नाही. इतकी धोक्याची वस्तू जो वाहून नेतो, त्याने हलगर्जी केली हे सिद्ध झालं नाही तरी भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असं सांगितलं. याला 'कठोर दायित्व' म्हणतात. ज्याने वाघ पाळला, त्याला "पिंजरा दुसऱ्याने उघडला" म्हणून सुटता येत नाही.

मात्र वीज नसलेला गंजका पोल नुसता कोसळून कोणी जखमी झालं, तर तिथे हलगर्जी दाखवावी लागते. 'मजबूत ठेवा, नाहीतर काढा' हा नियम आणि तुमचा आधीचा अर्ज, हे दोन्ही तेव्हा उपयोगी पडतात. अर्जच नसेल तर समोरचा म्हणणार, आम्हाला कोणी कळवलंच नाही.

पाण्याची टाकी, डीपीचं तेल

हाच प्रश्न विजेपलीकडेही येतो. नवीन नळयोजना आली की जुनी उंच टाकी गावात उभीच राहते. सळ्या बाहेर आलेल्या, खाली पोरं खेळतात. ती ग्रामपंचायतीची मालमत्ता. पाडायचं ठरलं तरी आधी 'निर्लेखन' लागतं, म्हणजे ती वस्तू वापराबाहेर गेली असं तपासून नोंदवहीतून अधिकृतपणे कमी करणं. ते झाल्याशिवाय सरपंचालाही हात लावता येत नाही. तेव्हा ग्रामसभेत 'टाकी पाडा' म्हणण्याऐवजी 'निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवा' असा ठराव मागा, आणि तोपर्यंत कुंपण.

जुन्या डीपीतलं तेल घरी आणू नका, कशालाच वापरू नका. काही जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी नावाची विषारी रसायनं मिसळलेली असू शकतात. ती शरीरात साठून राहतात, म्हणूनच केंद्र सरकारने २०१६ च्या आदेशाने त्यांच्यावर बंदी आणली. वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं आणि इलेक्ट्रॉनिक मीटर ई-कचऱ्यात. दोन्ही त्यांच्या मालकाकडेच परत गेली पाहिजेत.

अर्ज कसा द्यायचा

धोका ताबडतोबीचा असेल, म्हणजे तार लोंबतेय, पोल वाकलाय, तर आधी वीज कंपनीच्या १९१२ वर फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. बाकी वेळेस वीज कंपनीच्या जवळच्या कक्ष कार्यालयात लेखी अर्ज, त्याची प्रत उपविभागाला. त्यात जागा नीट लिहा: गट क्रमांक, कोणाच्या बांधाजवळ, पोलावर रंगवलेला क्रमांक असेल तर तो. नवा पोल केव्हा उभा राहिला ते लिहा. दोन्ही पोल एकत्र दिसतील असा फोटो जोडा. पोच घेतल्याशिवाय अर्ज सोडू नका.

महिनाभरात काही हललं नाही तर त्याच अर्जाची प्रत लावून विद्युत निरीक्षकाकडे जा. सोबत कंपनीच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे तक्रार करता येते, आणि तिथेही समाधान झालं नाही तर विद्युत लोकपाल. माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न विचारा: ह्या कामाच्या कार्यादेशात जुनं सामान काढणं धरलं होतं का, आणि ते स्टोअरला जमा झाल्याची नोंद आहे का? माझ्या अनुभवात ह्या प्रश्नावर हालचाल लवकर होते, कारण जमा नसलेल्या सामानाचा हिशेब कोणाला तरी द्यावा लागतो.

माझ्या एका गिऱ्हाइकाच्या केळीत असाच एक सिमेंटचा पोल आहे, मधोमध चिरलेला, आतली सळई दिसते. घड वाहणारे मजूर त्याच्या खालून वाकून जातात. आम्ही अर्जात शेवटची ओळ अशी घातली आहे: "नवतीची कापणी पौषात संपेल. त्यानंतर पंधरा दिवस शेतात माणसं आणि चेनपुली आणायला वाट मोकळी राहील, त्या पंधरवड्यात पोल न्यावा. पिकाची अडचण आमच्याकडून राहणार नाही." खाली शेतकऱ्याची सही, शेजारच्या दोघांच्या सह्या, आणि आवक शिक्क्यावर तारीख.